परतप्पा

गुरुपादप्पाला बसवत नाही. कुठंच नाही. बँकेत गेला की बाकड्यावर टेकतो आणि नंबर यायच्या आत दोनदा दारात जाऊन येतो. लग्नाच्या पंगतीत पहिला भात संपत नाही तोवर हा पाण्याचा जग घेऊन वाढायला उभा. लातूरच्या शरण सेवा मंडळाच्या हापिसात त्याच्यासाठी म्हणून एक खुर्ची ठेवलेली, ती अजून नवीकोरी आहे. येणारा-जाणारा म्हणतो, "अप्पा, बसा की जरा." हा म्हणतो, "बसलोच की," आणि उभ्या उभ्या या पायावरचा भार त्या पायावर घेतो.

आणि काम काय, तर बसवायचं. वीरशैवांत मयताला जाळत नाहीत, आडवं पुरतही नाहीत. आंघोळ घालून, अंगाला भस्म लावून, डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग ठेवून, पूजेला बसवावं तसं मांडी घालून समाधी देतात. सांगायला सोपं आहे, करायला नाही. गेलेलं माणूस बसायला राजी नसतं. त्याला धरावं लागतं, पाठीला फळी द्यावी लागते, मान सावरावी लागते. घरातली कर्ती माणसं त्या वेळी भिंतीला डोकं लावून उभी असतात, मग मंडळाला फोन येतो आणि गुरुपादप्पा निघतो. स्वतःला बसवत नाही तो गावाला बसवत फिरतो, असं लोक त्याच्या तोंडावर म्हणतात आणि तोही हसतो.

त्याला गुरुपादप्पा म्हणणारे तसे कमीच. बाकी सगळे परतप्पा म्हणतात. का, ते लातुरातल्या अर्ध्या समाजाला पाठ आहे, तरी ऐका. उदगीरच्या पुढं, कर्नाटकाच्या शिवेला त्यांचं खेडं. हा सहा वर्षांचा असताना याला ताप भरला आणि तो छातीत उतरला. पोरगं वाळून काडी झालं, श्वास घेताना बरगड्या आत जायच्या. डॉक्टर उदगीरला, आणि मधला ओढा दुथडी भरलेला. शेवटी एका सकाळी गावातल्या एका जाणत्या म्हाताऱ्यानं नाकापुढं हात धरला, मनगट चाचपलं आणि मान हलवली. झालं! आंघोळ घातली, भस्म फासलं, भिंतीला टेकवून मांडी घालून बसवलं, हनुवटीखालून फडकं बांधलं. तिकडं मळ्यात खड्डा तयार. भजनी मंडळी आली, स्वामी पाणी शिंपडायला वाकले, आणि पोरगं शिंकलं.

शिंकलं म्हणजे कसं, नाकातलं भस्म स्वामींच्या दाढीवर उडालं. मग जी पळापळ झाली म्हणता! टाळवाला टाळासकट उकिरड्यात जाऊन पडला. मृदंगवाल्यानं मृदंग तिथंच टाकला आणि तो थेट वेशीत जाऊन उभा राहिला. रडणाऱ्या बायका रडायचं सोडून किंचाळायला लागल्या. बसवल्यामुळं छातीतलं पाणी खाली बसलं म्हणा, गार पाण्यानं अंग हडबडलं म्हणा, पोरगं डोळे उघडून सगळ्यांकडं टकामका बघत राहिलं.

त्या दिवसापासून तो परतप्पा. शाळेत मास्तरसुद्धा हजेरी घेताना चुकायचे. पुढं तो चांगला धडधाकट झाला, पण लग्नाचं काही जमलं नाही. एकदा गेलेल्या माणसाला पोरगी कोण देतो? मग नागप्पाअण्णा शेट्यांच्या कानावर ही गोष्ट गेली. अण्णा आडत बाजारातले मोठे व्यापारी आणि शरण सेवा मंडळाचे अध्यक्ष. त्यांना गोष्ट इतकी आवडली की त्यांनी गोष्टीसकट माणूसच उचलून लातुरात आणला. तेव्हापासून दर मेळाव्यात अण्णा ती स्वतःच्या तोंडानं सांगतात. ओढा, ताप, शिंक, सगळं रंगवून. शेवटाला हात वर करून म्हणतात, "हा बघा, महादेवानं सेवेसाठी परत धाडलेला माणूस!" टाळ्या कडाडतात. गुरुपादप्पा हात जोडून उभा राहतो, शाल घेतो, नारळ घेतो. टाळ्या सुरू झाल्या की राग येतो, पण कुणाचा ते त्याचं त्यालाच कळत नाही.

कारण त्याच्या डोक्यात गोष्ट तिथं संपतच नाही. त्याच्या डोक्यात एकच किडा आहे. ती शिंक जरा उशिरा आली असती तर? खड्ड्यात शिंकलो असतो तर? वरून माती पडून राहिली असती, टाळ वाजत राहिले असते, कुणाला ऐकू आली असती? हा विचार त्याला जेवू देत नाही, झोपू देत नाही, बसू तर नाहीच नाही.

म्हणून तो कान लावतो. कुणाचंही मयत असो, बसवायच्या आधी हा नाकाखाली बोट धरणार, छातीला कान लावणार, मग कानात नाव घेऊन हाका मारणार आणि वाट बघणार. समाधी झाली, लोक घराकडं वळले, तरी हा मागं एकटा घुटमळणार, मातीकडं कान करून. मंडळातली पोरं याला परतप्पाचा अर्धा तास म्हणतात. नागप्पाअण्णांना गोष्ट सांगायची हौस भारी, पण हा अर्धा तास सोसत नाही. मागं एका मोठ्या कापड दुकानदाराच्या मयताला अण्णा तापलेच.

"अरे, दवाखान्यातनं लिहून आणलंय, मशीनवर पट्टी काढून बघितलीय छातीची. आन् तू काय कान लावून बसलास?"

"बसलो न्हाई अण्णा, वाकलोय," गुरुपादप्पा म्हणाला, आणि कान काही काढला नाही.

इतक्या वर्षांत त्याला कधीच काही ऐकू आलं नव्हतं. एकदाही नाही.

यंदा भादव्यात तापाची साथ होती, घरटी एक आजारी. एका सकाळी नागप्पाअण्णांचा फोन आला, आणि आवाज ओळखू येईना. अण्णांची भाची दामिनी, मुरुडच्या बहिणीची लेक, मुखेडला दिलेली. तिची मुलगी अक्षरा, दुसरीत शिकणारी, चार दिवसांच्या तापानं नांदेडच्या दवाखान्यात पहाटे गेली. डॉक्टरांनी जीव तोडून केलं, पण रक्तातल्या पेशी काही वर येईनात.

"घरी आणलंय," अण्णा म्हणाले. "पर दामिनी पोरीला सोडंना. आंघोळ घालू देईना, नवऱ्यालाबी हात लावू देईना. म्हणती, गुरुपादप्पा आल्याबिगर कुणी जवळ यायचं न्हाई."

ती आपल्याला का बोलवते आहे, हे गुरुपादप्पाला त्याच क्षणी कळलं. लहानपणी मामाकडं यायची तेव्हा ती मेळाव्यात पहिल्या रांगेत बसायची. दोन वेण्या, तोंड उघडं. शिंक आली की टाळ्या पिटायची. त्यानं दाराची चौकट घट्ट धरली.

त्याची आई शरणम्मा ओसरीवर शेंगा सोलत होती. ऐंशीच्या घरातली, नजर अधू, कान मात्र शाबूत.

"कुणाचं?" तिनं विचारलं.

"अण्णाच्या भाचीची लेक. मुखेडला."

"केवढी?"

"सात वर्षांची, अव्वा."

म्हातारीचे हात थांबले. "ती गोष्ट सांगू नको तिथं."

"मी कवा सांगतो? अण्णा सांगतेत."

"तू गप उभा ऱ्हातूस, ते सांगितल्यासारखंच हाय." तिनं सूप बाजूला सारलं. "तुला कुणी धाडलं न्हाई, गुरू. तू गेलतास कवा? त्या म्हाताऱ्याच्या हाताला कंप, डोळ्यात मोतीबिंदू, त्याला काय नाडी लागणार? आन् त्याचं ऐकून मी जित्या लेकराला आंघोळ घातली. माझ्या हातानं भस्म लावलं. लोक टाळ्या वाजवतेत, मला अजून घास गिळना."

हे ती दर वेळी म्हणायची. तो दर वेळी चप्पल घालून निघायचा. आजही निघाला.

मंडळाच्या गाडीत पुढं अण्णा बसले, मागं फळी, मीठ, भस्माच्या वड्या, बेलाची पानं, आणि त्या सगळ्याच्या मधे दांडी धरून वाकलेला गुरुपादप्पा. चाकूर मागं पडलं. शिरूर ताजबंदला ड्रायव्हरनं चहाला गाडी थांबवली, तर हा गाडीभोवती फेऱ्या मारत राहिला. चहा तसाच गार झाला. अण्णा रुमालानं डोळे पुसत जवळ आले. आयुष्यात पहिल्यांदाच ते त्याच्याशी मेळाव्यातला आवाज सोडून बोलले.

"हे बघ गुरुपादप्पा, तुझा त्यो कान लावायचा कार्यक्रम आज नको. पोरगी आशेवर बसलीय. तू वाकलास की तिला वाटंल, हाय काहीतरी. तू निस्तं सांग, महादेवाची मर्जी. तुझं ऐकंल ती."

"हाव," तो म्हणाला.

म्हणाला खरा. पण गाडी जांबकडं वळली तशी त्याच्या डोक्यात भलतंच चक्र फिरायला लागलं. तापात अंग गार पडतं. लहान लेकराची नाडी बारीक, पटकन लागत नाही. दवाखान्यात गर्दी, डॉक्टर रात्रभर जागा, माणूसच शेवटी तोही. होते की चूक! त्याच्या वेळी नव्हती का झाली? आज कान लावावा आणि काहीतरी ऐकू यावं. इतकी वर्षं कान लावल्याचं आज चीज व्हावं. हाव सुटावी तशी त्याला ही आशा सुटली, आणि तिची त्याला लाजही वाटली. ड्रायव्हरला तो दोनदा म्हणाला, जरा दाबून घे की बाबा.

मुखेडला बाजाराच्या गल्लीत मल्लिनाथचं किराणा दुकान, त्याच्या मागं घर. मल्लिनाथ म्हणजे दामिनीचा नवरा. दुकानाचं शटर खाली होतं, आणि तो त्याला पाठ लावून उकिडवा बसला होता. अण्णांना बघून उठलासुद्धा नाही. आतल्या अंगणात बायकांचा घोळका होता, पण रडण्याचा आवाज नव्हता. सगळ्यांनी गुरुपादप्पाकडं बघितलं आणि वाट दिली.

आतल्या खोलीत भिंतीला टेकून दामिनी बसली होती. मांडीवर अक्षरा. आडवी नाही, बसवलेली. दामिनीनं एका हातानं पोरीची पाठ आपल्या छातीशी गच्च आवळून धरली होती, पोरीचं डोकं आपल्या गळ्याशी टेकवलं होतं आणि तिची हनुवटी दुसऱ्या तळहातानं वर उचलली होती. पोरीच्या नाकाला, वरच्या ओठाला भस्म माखलं होतं, बोटांनी दाबून दाबून.

"आलाव, अप्पा?" दामिनीचे डोळे कोरडे होते, लकाकत होते. "मी हिला आडवी होऊच दिली न्हाई बघा. नांदेडपास्नं अशीच धरून आणलीय. तुमाला बसवलं म्हणूनच तुमचा श्वास मोकळा झाला, हाव ना? भस्मबी लावलंय. शिंक काही येईना अजून. तुमी बघा की. माझं काही चुकायलंय का?"

मागून अण्णांनी गुरुपादप्पाचा सदरा ओढला. "मर्जी म्हण, मर्जी," ते कानात पुटपुटले.

पण दामिनी म्हणाली, "ऐका तुमी. तुमीच ऐका," आणि त्याच्याच्यानं राहवलं नाही. तो गुडघ्यांवर आला आणि पोरीच्या छातीला कान लावला.

धडधड. धडधड.

पुन्हा आली, चांगली ठळक. देवा! कान तसाच ठेवून त्यानं हाक मारली, "अक्षरा! ए अक्षरा!" आणि मान वर केली तेव्हा त्याचा चेहरा उजळून निघाला होता. दामिनीनं तो बघितला.

"आलं ना ऐकू? आलं ना?" ती ओरडली. अंगणातल्या बायका दाराशी लोटल्या. मल्लिनाथ धावत आला.

गुरुपादप्पानं पोरीचा हात हातात घेतला. कोपर वाकेना. बोटं गार, नखं निळी. हे असे हात त्यानं आजवर किती वाकवले होते! आणि कानात तर अजून ते ठोके होते. मग त्याची नजर दामिनीच्या गळ्यावर गेली. शीर उडत होती, धडधड, धडधड, त्याच चालीनं. त्यानं तिच्या मनगटावर बोटं ठेवली आणि दुसऱ्या बाजूनं पुन्हा कान लावला. चाल तीच. आईचं काळीज लेकीच्या पाठीतून त्याला ऐकू आलं होतं.

आपण काय करून बसलो, हे त्याला कळलं. ती म्हणत होती, "सांगा ह्यांना! सांगा की!"

तेव्हा नागप्पाअण्णा पुढं झाले. बिचाऱ्यांनी चांगल्या मनानंच केलं. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "दामिनी, बाळा, ही त्याची मर्जी. ज्याच्याकडनं त्याला सेवा घ्यायची असती त्याला तो परत धाडतो. बाकीच्यायला जवळ ठिवतो."

दामिनीनं तो हात झटकला. "म्हंजे ह्यांची गरज हाय त्याला? मयतं बसवायला? आन् माझी लेक नको त्याला परत धाडायला? काय केलतं तिनं, मामा? ती काय वाईट होती का?"

अण्णांची मान खाली गेली.

"दामिनी," गुरुपादप्पा म्हणाला. "मी परत आलो न्हाई."

तिला कळलं नाही. कुणालाच कळलं नाही.

"मी गेलोच नव्हतो, माय. मी जिता होतो. एका म्हाताऱ्याला नाडी लागली न्हाई, आन् गाव त्याच्यामागं गेलं. जितं लेकरू पुरायला निघालते, एवढीच गोष्ट हाय ती. मेलेलं कुणी शिंकलं न्हाई आजवर. महादेवानं मला धाडलं न्हाई, आन् तुझी लेक नको म्हणून ठिवून बी घेतली न्हाई."

"गुरुपादप्पा!" अण्णा म्हणाले.

"थांबा अण्णा. लई वर्षं मी गप हुबा ऱ्हायलो. माझी माय घरात तोंड दाबून रडती आन् मी शाल घेतो."

दामिनी त्याच्याकडं टक लावून बघत होती. मग हळू आवाजात, एखादा मुद्दा सापडावा तसं म्हणाली, "मग हिचीबी चूकच झाली आसंल. तुमची झाली तशी. डॉक्टरचीबी चूक हुती की."

ही 'आसंल'ची आशा गुरुपादप्पाच्या चांगली ओळखीची होती. तिच्यावरच त्याची हयात गेली होती. प्रत्येक मयतापाशी, प्रत्येक मातीपाशी तो तिला धरून उभा राहिला होता. आता या बाईच्या तोंडातून ती आली आणि त्याला दिसलं की आपण नाही म्हणालो नाही तर ही उद्यापर्यंत अशीच धरून बसेल. नंतरही, पोरीला माती दिली तरी, अशीच धरून बसेल जन्मभर. ती मातीला कान लावत फिरेल.

"न्हाई," तो म्हणाला. "हिच्यात चूक न्हाई."

"पर तुमाला ऐकू आलं. मी बघितलंय तुमच्या तोंडावर. खोटं बोलू नका."

"आलं. ते तुझं हुतं." त्यानं तिचा एक हात हनुवटीखालून हलकेच सोडवला आणि तिच्याच छातीवर ठेवला. "हे बघ. हे वाजायलंय. तू तिला इतकी आवळून धरलीस की तुझं काळीज मला तिच्यातनं ऐकू आलं. तिचं बंद हाय. म्या दोन्ही बाजूनं ऐकलं. अक्षरा मेली, माय."

सकाळपासून त्या घरात हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. लिंगैक्य झाली म्हणाले होते, देवाघरी गेली म्हणाले होते. मल्लिनाथ दारातच मटकन खाली बसला आणि हंबरडा फोडून रडायला लागला.

दामिनी रडली नाही. तिनं मोकळ्या झालेल्या हातानं गुरुपादप्पाच्या तोंडात मारली. एकदा, मग पुन्हा. "मग तुमी आलाव कामून?" ती म्हणाली. "कामून आलाव?" अण्णा आवरायला पुढं झाले, तर गुरुपादप्पानं त्यांना हातानं मागं सारलं. तो मार खात तसाच तिच्यासमोर राहिला, जागचा हलला नाही.

मग तिचा हात थांबला. छातीवर गेला आणि तिथंच राहिला. आपलंच वाजणारं ती बराच वेळ ऐकत असावी. मान वाकवून तिनं पोरीच्या तोंडाकडं बघितलं, पदराचं टोक ओठांनी ओलं केलं आणि नाकावरचं भस्म पुसायला लागली. नीट, सावकाश, शाळेत धाडताना पुसावं तसं.

"लई वेळ बसलीय ती," दामिनी म्हणाली. "दमली आसंल. आता हिला जरा आडवी करू का, अप्पा?"

"कर, माय," गुरुपादप्पा म्हणाला, आणि त्यानं पोरीची मान सावरायला हात पुढं केला.